अर्ध्या डोळ्याचा उपयोग

माझा धाकटा भाऊ बोलायला लागला की ऐकत राहावं असं बोलतो. देवणीजवळच्या आमच्या गावात त्यानं सारी नोकरी मास्तरकीत काढली. आता रिटायर झाला आणि गावोगाव प्रवचनं करतो. दिवाळी झाल्यावर तो आमच्याकडं नांदेडला आला होता. चहा झाला, चिवडा झाला आणि त्यानं आपला आवडीचा विषय काढला. डोळा.

"डोळा बघा," म्हणाला. "पुढं काच, मागं पडदा, मधी पाणी. उजेड जास्त झाला की बाहुली आपली आपण लहान होते. हे आपोआप झालं म्हणतात ही माणसं! शेतात पेरणीची तिफण पडलेली दिसली तर कुणी म्हणंल का, की ही बाभळीला आपोआप लागली? सुतार लागतो. मग डोळ्याला न्हाई लागत?"

माझी नात त्याच्या समोरच बसली होती. दहावीला आहे. त्याला काहीतरी सांगायचं म्हणून ती उठली, आणि त्याच्या पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तिच्या पायानं उडाला. सगळ्या सतरंजीवर पाणी. भरदिवसा. तांब्या तिच्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हता.

सून फडकं घेऊन आली.

ही नात म्हणजे माझ्या लेकाची लेक आणि माझ्या या भावाच्या लेकीचीही लेक. पोर एकच. मी माझ्या भावाची मुलगी सून करून आणली, आमच्याकडं तशी रीतच आहे. सून मला आत्या म्हणते. तशा आमच्याकडच्या पुष्कळ सुना सासूला आत्याच म्हणतात, पण मी तिची खरीच आत्या आहे. नात आपल्या आजोबाला अण्णा म्हणते, आणि वाद घालायला तिला त्याच्यासारखं दुसरं माणूस मिळत नाही.

पाणी पुसून व्हायच्या आत ती म्हणाली, "अण्णा, तिफणीला पिल्लं होत न्हाईत."

"म्हंजे?"

"म्हंजे तिफण सुताराकडं जाऊन करून आणावी लागती. जनावराला पिल्लं होतात. पिल्लू थोडं वेगळं निघतं. ज्याचं बरं चालतं ते टिकतं, त्याला पुन्हा पिल्लं. असं लाखो वर्षं. धड्यात हाय आमच्या."

भाऊ हसला. त्याला ती हुशार आहे याचं कौतुकच होतं. "बरं, मग मला सांग बाळ, डोळा व्हायच्या आधी अर्धाच डोळा असणार की न्हाई? अर्ध्या डोळ्याचा काय उपयोग? अर्ध्या डोळ्याचं जनावर तर पहिल्या दिवशीच खड्ड्यात पडंल."

पोर मग म्हणाली, "माझ्याकडं बगा की. अर्ध्याच्या बी खाली आलाय माझा. तरी मी सायकल सोडून सगळं करून राहिले."

माझ्या भावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. सून फडकं पिळायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेले तर नळ सोडून ओट्याला टेकून उभी. मी नळ बंद केला. दुसरं काय करणार.

हे सुरू कधी झालं ते आता मागं वळून बघताना कळतं. तिसरी-चौथीत असताना संध्याकाळ झाली की ती जिन्यावरून खाली यायची नाही. मी तिला भित्री म्हणायची. "काय मांजरावानी भिंत धरून चालून राहिलीस," असं चिडवायची. थाळीतली कडेची भाजी तिला दिसायची नाही, मी म्हणायची माजलीस, भाजी टाकतीस. मग आठवीत असताना एकदा लग्नात दिव्यांच्या झगमगाटातून मांडवाच्या कडेच्या अंधारात गेली आणि खुर्च्यांच्या ढिगावर आपटली. कपाळाला खोक पडली. तेव्हा लेकानं डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं.

नांदेडच्या त्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढला, डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "आई-वडिलांचं लग्न जवळच्या नात्यातलं आहे का?"

लेक कामावर गेला होता. मी आणि सून दोघीच होतो. मी ताडकन म्हणाले, "न्हाई न्हाई. बाहेरचं हाय."

आता हे खोटं वाटेल वाचणाऱ्याला. पण माझ्या जिवाला ते खोटं वाटलंच नाही. आमच्यात नातं म्हणजे भावकी. एक आडनाव, एक कुळ, एक देवक असलं की ते आपलं रक्त. तिथं लग्न म्हणजे पाप, त्याचं नाव काढायचं नाही. मामाची मुलगी ही भावकीतली नाही. तिचं आडनाव वेगळं, कुळ वेगळं, ती सोयऱ्यांची. तिच्याशी लग्न व्हायलाच पाहिजे, तो हक्क आहे. माझ्या सासरी तर मामाची पोरगी असताना बाहेरची केली तर मामा रुसतो. म्हणून मी छातीठोक सांगितलं. सुनेनंही मान हलवली. तिचाही हिशोब तोच.

डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. शेवग्याचा पाला खाऊ घाला म्हणाले. मी इतका पाला खाऊ घातला की पोर म्हणायची, "आज्जी, आता मला शेंगा लागतील." दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायचं, गोळ्या बदलायच्या. पुढच्या वर्षी तिथल्याच एका शिकाऊ डॉक्टरणीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. खरं सांगते, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हे लोक एकच गोष्ट सारखी का विचारतात? पण पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. आता हो म्हटलं तर काय म्हणतील, आणि सून काय म्हणेल, आणि भाऊ. मी पुन्हा नाहीच म्हटलं. पहिल्या वेळी मी अडाणी होते. दुसऱ्या वेळचं मला माफ करता येत नाही.

दोन वर्षं अशी गेली.

दहावीला तिला वाचायला त्रास व्हायला लागला. म्हणते, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मधलं अक्षर दिसतं, कडेची जातात. ओळ संपली की दुसरी ओळ सापडत नाही. म्हणून मी वाचून दाखवायला बसले. मी शाळेत गेले नाही. लेक पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीवरून मी अक्षरं उचलली, मग दुकानांच्या पाट्या वाचल्या, पुडीचे कागद वाचले, मग पोथ्या, मग मिळेल ते. पण विज्ञानाचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. जोडाक्षर आलं की मी अडायची. पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. तेवढं नाव म्हणायला मला तीन खेपा लागल्या. पोर पोट धरून हसली.

दुपारी जेवणं झाली की खिडकीत बसायचो. माणसाला माकडहाड कशाला आहे, आतड्याला ती शेपटी कशाला आहे, ते सगळं मी तिला वाचून दाखवलं आणि मलाही पहिल्यांदाच कळलं. मला आवडलंही, खोटं का बोलू. मी मधेमधे थांबून माझं सांगायची. तिला ते चालायचं.

असंच एक दिवस निवडीचं वाचत होते. माणसं चांगलं बी, चांगलं जनावर निवडत निवडत नवीनच जात कशी तयार करतात ते. मी म्हटलं, "अगं, हे तर माझ्या बापाचं काम."

माझा बाप देवणी जनावरं सांभाळायचा. पांढरं अंग आणि काळं तोंड, त्याला वानेरा म्हणतात, त्याच्या दावणीला सगळी तसलीच. कोणाची कालवड ठेवायची, कोणाचा खोंड विकायचा, यात त्याचा सगळा जीव. त्याला कुणी म्हटलं, काय देवानं जनावर घडवलंय, तर तो मिशीत हसायचा. म्हणायचा, देवानं गाय दिली, देवणी आम्ही केली.

"आणि वळू किती वर्षं ठेवायचे गं?" पोरीनं विचारलं.

"त्याच्या लेकी गाभण राहायच्या वयात आल्या की वळू बदलायचा. उदगीरकडून, नाहीतर पार बिदरकडून आणायचा. आपल्या दावणीचं रक्त आपल्याच दावणीला दोनदा लावायचं न्हाई."

"का?"

आणि मी सांगून बसले. एक वळू बापाला फार आवडला होता. असा देखणा, असा शांत, की बापानं तो बदललाच नाही. ठेवला. मग त्याच्याच लेकीला झालेलं एक वासरू उठून उभं राहिलं आणि गव्हाणीला धडकलं. मागं सरलं, पुन्हा धडकलं. आईच्या थानाला लागेना. डोळे होते, चांगले काळेभोर, पण त्यात काही नव्हतं. बापानं आठवडाभरात वळू काढून टाकला. त्या दिवशी बाप जेवला नाही, ते मला आठवतं. म्हणाला, चूक जनावराची न्हाई, माझी हाय.

बोलून झालं आणि मी पुस्तकाकडं वळले. पोर मग हळूच म्हणाली, "आज्जी, आई तुझी कोण लागती?"

मी पुढचं वाक्य वाचायला लागले. वाचता येईना.

त्या दिवसापासून माझी झोप गेली, भूक गेली. आणि डोक्यात तोच वाद सुरू झाला, जो माझा भाऊ आणि नात गमतीनं घालत होते. भाऊ म्हणतो सगळं आखलेलं आहे. आखलेलं असेल तर या लेकराचा डोळा कुणी आखला? एवढा कुशल सुतार आणि पडदा असा लावला की दहावीपर्यंतच टिकावा? मी देवासमोर बसायची ते भांडायला. नात म्हणते कुणी आखलं नाही, आपोआप निवड होत गेली. मग मी भांडू कुणाशी? कुणीच नसेल तर माझ्या या रागाचं काय करू? भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही ऐकत नाही. आणि फिरून फिरून मी एकाच जागी यायची. निवडणारा होता. सून बघायला मीच गेले होते. मला परकी पोरगी नको होती. मला माझ्या माहेरचा आवाज घरात पाहिजे होता. बापाच्या दावणीचा नियम मला पाठ होता, आणि मी तो गायींपुरताच ठेवला.

सुनेला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तवा उतरवला आणि म्हणाली, "आत्या, मला कुणी विचारलं न्हाई तवा. विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं. त्याचंच वाईट वाटून राहिलं." आणि पुन्हा तवा चढवला.

डॉक्टरांनी आता हैदराबादला पाठवायचं ठरवलं होतं, मोठ्या डोळ्याच्या दवाखान्यात. मी भावाला फोन करून म्हटलं, या खेपेला मी खरं सांगणार.

"अक्का, सांगून काय होणार?" तो म्हणाला. "उगं लेकीला दोष लागंल. चार लोकांत होईल. देवाची योजना असती अक्का, आपल्याला कळत न्हाई."

"आणि तुझी न्हाई का योजना? तूच म्हटलास की, पोरगी आत्याच्या घरी सुखात राहील."

तो मग म्हणाला, "देवानं केलं म्हणू दे गं मला. एवढं म्हणू दे. न्हाईतर मग मीच केलं न्हवं."

तो फड गाजवणारा माणूस, आणि फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. पण तरी मी म्हटलं, "तू यायचंस हैदराबादला. तू असलास की मला बोलता येईल." तो आला. उदगीरहून गाडी पकडून परस्पर आला, टोपी हातात घेऊन दवाखान्याच्या दारात उभा.

तिथं पोरीला एका अंधाऱ्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. आम्ही बाहेर बाकावर. आधी एका पोराचा नंबर होता, त्याच्या बटणाचा टक टक टक आवाज एकसारखा येत होता. मग आमची बसली. टक. मग काही नाही. मी मनात म्हणत होते, दाब गं, दाब माझी बाई. टक. भाऊ डोळे मिटून जप करत होता. यंत्रातली लाइट चुकत असेल, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

डॉक्टरीण तरुण होती, हिंदीत बोलायची. कागद पुढं ओढून म्हणाली, "अम्मा, रिश्ते में शादी हुई है क्या, इनके माँ-बाप की?"

लेक माझ्याकडं बघत होता. सून खाली. आणि माझ्या आधी माझा भाऊ बोलला. "हाँ. मेरी बेटी, इनका बेटा. हम दोनों सगे भाई-बहन."

डॉक्टरणीनं पेन थांबवलं. "ये पहले क्यों नहीं बताया?"

"मैं बोली नहीं," मी म्हटलं. "मेरी गलती है. दो बार पूछे थे. मैं बोली नहीं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता एक कागद घेतला आणि त्यावर चौकोन आणि गोल काढायला लागली. बाप्यासाठी चौकोन, बाईसाठी गोल. वर माझा बाप आणि आई. खाली मी आणि भाऊ. त्याखाली माझा लेक आणि भावाची लेक, आणि त्या दोघांना जोडताना तिनं एक रेघ ओढली नाही, दोन ओढल्या. मी विचारलं दोन कशाला. म्हणाली, रक्ताचं नातं असलं की दोन ओढतात. मग सगळ्यात खाली एक गोल काढला आणि तो काळा भरला.

पोर म्हणाली, "माझ्या डोळ्यासमोर धरा." कागद तिच्या नाकासमोर धरला. तिनं बोटानं ती दुहेरी रेघ शोधली आणि वर वर जात माझ्या बापाच्या चौकोनापर्यंत गेली. "हे देवणीवाले पणजोबा," म्हणाली. तिला त्यात गंमत वाटत होती की काय, मला कळलं नाही.

रक्त घेतलं. पडदा कडेकडून वाळत येण्याच्या या रक्तातून उतरणाऱ्या दुखण्याचे पुष्कळ प्रकार असतात, त्यातल्या एखाद्यावर आता उपचार निघालाय, पण पडद्यात जीव शिल्लक असेल तरच, म्हणून लवकर कळायला पाहिजे, असं तिनं समजावलं. लवकर हा शब्द ती चांगुलपणानं म्हणाली. माझ्या पोटात तो अजून आहे.

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मी देवाला म्हटलं, तू असलास तर हा एक प्रकार निघू दे. आणि नसलास तरी निघू दे. दोन्हीकडं हात जोडून बघितले.

तो प्रकार निघाला नाही.

मग मला बसलेला मार थोडा तरी हलका झाला असेल असं कुणाला वाटेल, की चला, दोन वर्षं आधी सांगितलं असतं तरी उपचार नव्हताच. मलाही तसं वाटून बघायचं होतं. जमलं नाही. मी सांगितलं नव्हतं तेव्हा मला हे कुठं माहीत होतं?

मी तिला विचारलं. दुपारी, खिडकीतच. म्हटलं, "अण्णांच्या सुताराला जाब विचारता येत न्हाई, तुझ्या धड्यात विचारायला कुणी न्हाईच. मी तर हाय. मला विचार. बोल मला."

ती म्हणाली, "काय बोलू?" आणि थोड्या वेळानं, "आज नको वाचू, आज्जी."

दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिच्या वर्गातल्या पोरीनं तिला फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं आहे. पानाचा फोटो काढला की तो ते पान बाईच्या आवाजात वाचतो. जोडाक्षराला अडत नाही. मधेच बापाच्या गोष्टी सांगत नाही. भाऊ परवा आला होता. देव, देवळं, पीकपाणी, सगळं बोलला, डोळ्याचं काढलं नाही. नातीनंच छेडलं, "अण्णा, तिफण आणली न्हाई का आज?" तर हसला आणि टोपीनं तोंड पुसलं.

परीक्षा मार्चमध्ये आहे. लिहायला दुसरी मुलगी मिळणार आहे. दुपारी ती खिडकीत बसते, फोन वाचतो, मी शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसते. तिनं बस म्हटलेलं नाही आणि ऊठही म्हटलेलं नाही. फोनच्या मागंमागं मी ओळीवरून बोट फिरवते. त्याचा वेग मला झेपत नाही. कधी मी घाईनं पुढं जाते आणि पान उलटते.

"अजून न्हाई, आज्जी," ती म्हणते, तोंड खिडकीकडंच. "दोन ओळी राहिल्यात."

मी पान मागं घेते.